तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की हंड्यात तुरटी फिरवायची, पाणी शुद्ध झालं, हा समज गावोगावी घट्ट आहे. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. त्यांच्यासोबत काही जंतूही खाली जातात, पण उरलेले जुलाब, कावीळ, टायफॉइड पसरवायला पुरेसे असतात.

म्हणून वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, क्लोरीनचं द्रावण घालून अर्धा तास थांबा. नाहीतर चांगलं उकळा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर, टाकतात ती याचसाठी. वासामुळे तिला नाकं मुरडू नका. पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे, थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. आला नाही, तर पाणी कितीही नितळ दिसो, ग्रामपंचायतीला लगेच कळवा.