पार्श्वभूमी : सरकारी संगणकात ओपन सोर्स कसे आले, कुठे अडले

ओपन सोर्सबाबतचे, म्हणजे ज्याचा कोड (मूळ आज्ञावली) कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा मुक्त सॉफ्टवेअरबाबतचे, केंद्राचे धोरण मार्च २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यामुळे या विषयाची सुरुवात सहसा तिथूनच सांगितली जाते. खरी झटापट मात्र २००७ ते २०१० या काळात होऊन गेली होती आणि ती फाइल कोणत्या स्वरूपात साठवायची यावरून पेटली होती.

त्याआधीचे थोडक्यात. मे २००३ मध्ये पुण्यातील हिंजवडीच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत बोलताना तत्कालीन राष्ट्रपतींनी देशाने ओपन सोर्सची कास धरावी, असे जाहीरपणे सांगितले. एका बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाशी या मुद्द्यावर बोलणे झाले, पण मते जुळली नाहीत, हेही त्यांनी लपवले नाही. कोड उघडा असेल तरच सुरक्षेची कुलपे आपली आपल्याला बसवता येतील, असा त्यांचा आग्रह होता. पुढे २००७ मध्ये एका सरकारी संशोधन संस्थेने डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीवर आधारलेली ‘बॉस’ ही संगणक चालवणारी प्रणाली आणली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय होती. तरीही बहुतेक सरकारी टेबलांवर विंडोजच राहिले.

याला मोठा अपवाद केरळचा. तिथे आधी शिक्षक तयार झाले, मग शाळा वळल्या आणि २००८ पर्यंत दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. महाराष्ट्रात २००१ पासून गावोगावी पोहोचलेल्या आणि सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरलेल्या एमएस-सीआयटीचा भर विंडोज आणि एमएस ऑफिसवर होता. हात ज्यावर बसतो, त्याचीच मागणी पुढे कार्यालयातून होते. आपल्याकडे धोरणाची गाडी इतकी हळू का चालली, याचे माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

आता मुख्य वादाकडे. ओडीएफ हे दस्तऐवजांचे खुले स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यापाठोपाठ ओओएक्सएमएल हे मायक्रोसॉफ्टचे दुसरे स्वरूप जलद प्रक्रियेने मान्य करून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्याचे वर्णनच सुमारे सहा हजार पानांचे होते. सप्टेंबर २००७ मध्ये भारताने विरोधात मत दिले. मार्च २००८ मध्ये फेरविचार झाला, तेव्हा देशातील समितीच्या १९ सदस्यांपैकी १३ जणांनी विरोध कायम ठेवला, ५ बाजूने होते आणि एक तटस्थ. जागतिक पातळीवर मात्र ते स्वरूप मंजूर झाले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केले. तेही त्याच वर्षी फेटाळले गेले.

दोन मानके शेजारी शेजारी उभी राहिली आणि देशात ई-प्रशासनाच्या मुक्त मानकांच्या धोरणाचा मसुदा तयार होत असताना तोच वाद त्यात शिरला. एका कामासाठी एकच मानक ठेवायचे की अनेक? आणि मानकात कोणाचे पेटंट असेल तर ते विनारॉयल्टी मिळालेच पाहिजे, की ‘वाजवी आणि भेदभावरहित’ दराने रॉयल्टी घेतली तरी चालेल? उद्योगातील वजनदार संघटनांचा कल अनेक मानकांकडे आणि वाजवी रॉयल्टीकडे होता. मोबाइल, व्हिडिओ अशा क्षेत्रांत पेटंट असलेली मानके सर्रास वापरात आहेत, मग इथेच सोवळे का, हा त्यांचा सवाल होता. तो अगदीच गैरलागू नव्हता.

पण ‘वाजवी’ या शब्दामागे मोठी अडचण दडलेली होती. मुक्त सॉफ्टवेअर कोणीही उतरवून घेतो, दहा जणांना देतो, त्यात बदल करून पुढे पाठवतो. प्रतींची मोजदाद कुठेच नसते. अशा सॉफ्टवेअरला प्रत्येक प्रतीमागे एक रुपया रॉयल्टी लावली, तरी तो रुपया कोणी भरायचा आणि किती प्रतींचा, याचे उत्तर नाही. म्हणजे दर कितीही कमी ठेवला तरी मुक्त सॉफ्टवेअर निविदेच्या दाराबाहेरच राहते. मधल्या काळात मसुद्यात ढिलाई आली, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आणि प्राध्यापकांनी नेमके यावरच बोट ठेवले.

नोव्हेंबर २०१० मध्ये अंतिम धोरण आले तेव्हा पारडे त्यांच्या बाजूने झुकले होते. मानक टिकेल तितका काळ पेटंट विनारॉयल्टी, विशिष्ट कामासाठी शक्यतो एकच मानक, मानकाची देखभाल ना-नफा संस्थेकडे आणि जिथे लागू असेल तिथे भारतीय भाषांना आधार. योग्य मानक उपलब्धच नसेल तर अपवादाला वाट ठेवली होती. भाषेची अट वाचताना अनेकांची नजर पुढे सरकते, पण मराठी कार्यालयांनी ती नसल्याची किंमत मोजलेली आहे. योगेश किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले परिपत्रक तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा खच दिसायचा. त्या मजकुरात शोध घेता येत नव्हता, यादी अकारविल्हे लावता येत नव्हती. केंद्राने नोव्हेंबर २००९ मध्ये युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत, हे ई-प्रशासनाचे मानक ठरवले. जुन्या फॉन्टमधील कागदपत्रांचा ढीग त्यानंतरही उरलाच.

२०१५ च्या धोरणाने सॉफ्टवेअरलाच हात घातला. ई-प्रशासनाच्या प्रणालींमध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचा प्रयत्न करावा, प्रत्येक निविदेत त्याचा विचार बंधनकारक असावा आणि पुरवठादाराने ते वगळले तर कारण द्यावे. क्षमता, सुरक्षा, आयुष्यभराचा खर्च असे तुलनेचे निकषही दिले. मात्र ‘प्रयत्न करावा’ ही शब्दयोजना सैल आहे आणि कारण पटले नाही तर काय, याला दंडाची तरतूद नाही. त्याच वर्षी सरकारी अॅप्लिकेशनांचा कोड उघडा करण्याचेही धोरण आले आणि २०१७ मध्ये त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हे कोड ठेवण्याचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले.

कोड उघडा करण्याच्या या धोरणाची खरी कसोटी करोनाकाळात लागली. आरोग्य सेतू अॅप एप्रिल २०२० मध्ये आले आणि कोट्यवधी लोकांच्या फोनवर पोहोचले. कोड दाखवा ही मागणी वाढल्यावर २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला झाला. नागरिकांची माहिती जिथे जमा होते, त्या सर्व्हरच्या कोडसाठी मात्र नोव्हेंबर उजाडला. धोरण पाच वर्षे आधीचे होते, तरीही कोड लोकांच्या रेट्यानंतरच बाहेर आला.

अलीकडे जोर ‘स्वदेशी’वर आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटू या मुक्त लिनक्स प्रणालीवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आणली. तिच्यात स्वदेशी आणि मुक्त या दोन्ही वाटा एकत्र आल्या. गेल्या काही वर्षांत केंद्रीय कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर एका भारतीय खासगी कंपनीकडे वळवण्यास सुरुवात झाली, तिथे त्या वेगळ्या झाल्या. कंपनी देशी आहे, कोड बंद आहे. २०१० च्या धोरणाने मालकाचे राष्ट्रीयत्व विचारलेच नव्हते. आज लिहिलेली फाइल पुरवठादार बदलल्यावरही विनाशुल्क आणि जशीच्या तशी उघडेल का, एवढेच त्याने विचारले होते, आणि या नव्या व्यवस्थेलाही तोच प्रश्न विचारायला हवा.