प्रतिपिंडावरील शर्करा आणि एंडोमेट्रिओसिसचे निदान

‘पाळीत दुखायचेच, लग्न झाले की थांबेल’ हा सल्ला नागपुरात आजही सर्रास दिला जातो आणि एंडोमेट्रिओसिस अंगावर काढला जातो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजकोशावर, ओटीपोटाच्या पडद्यावर किंवा आतड्यावर वाढण्याचा हा विकार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो, तरी निदानाला बहुधा ४ ते १२ वर्षे लागतात. सोनोग्राफीत बीजकोशातील ‘चॉकलेट सिस्ट’ (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसते. पडद्यावरचे बारीक ठिपके मात्र निसटतात आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच सापडतात. रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन पाळीत, गर्भारपणात आणि पोटाच्या क्षयातही वाढते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही.

म्हणूनच संशोधकांचे लक्ष आयजीजी या रक्तातील प्रतिपिंडाकडे (रोगप्रतिकारक प्रथिन, अँटिबॉडी) गेले आहे. इंग्रजी वाय अक्षरासारख्या या रेणूच्या बुडख्यात दोन जड साखळ्या असतात आणि प्रत्येकीच्या २९७ व्या जागेवरील अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लाला एक फांदीदार शर्करासाखळी जोडलेली असते. फांद्यांच्या टोकांना गॅलॅक्टोज ही शर्करा आणि त्यावर सियालिक आम्ल बसते. गॅलॅक्टोजच नसेल तर सियालिक आम्लाला जागाच उरत नाही. सियालिक आम्ल असलेले प्रतिपिंड दाह शमवण्याकडे झुकते, तर साखळीच्या बुंध्याजवळची फ्युकोज ही शर्करा नसेल तर ते प्रतिकारशक्तीच्या मारक पेशींना कितीतरी घट्ट धरते. म्हणजे प्रथिन तेच, पण टोकाच्या एक-दोन शर्करांवर त्याचा स्वभाव ठरतो! ऱ्हुमॅटॉइड संधिवातात गॅलॅक्टोजविरहित आयजीजी वाढते, हे १९८५ मध्येच दिसले होते. गर्भारपणात गॅलॅक्टोज वाढते आणि त्याच काळात अनेकींचा संधिवात सौम्य होतो.

शर्करांची ही जोडणी प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीतील विकरे (एन्झाइम) करतात, म्हणून तिचा मधुमेहाच्या साखरेशी संबंध नाही आणि गूळ सोडून किंवा ‘डिटॉक्स’चा काढा पिऊन ती सुधारण्याची आशा व्यर्थ आहे.

एंडोमेट्रिओसिसमध्ये दाह दीर्घकाळ टिकतो, स्वतःच्याच ऊतींविरुद्धची प्रतिपिंडेही आढळतात. रुग्णांच्या आयजीजीवरील गॅलॅक्टोज आणि सियालिक आम्लात फरक पडतो का, हे लेक्टिन नावाच्या, ठरावीक शर्करेलाच चिकटणाऱ्या वनस्पती-प्रथिनांनी तपासता येते. एल्डरबेरीच्या सालीतील लेक्टिन सियालिक आम्ल हेरते. मात्र वय, इस्ट्रोजेन आणि इतर कोणताही दाह याच शर्करा बदलतो. त्यामुळे निरोगी स्त्रियांशी केलेली तुलना पुरेशी नाही; समवयस्क, पण ओटीपोट अन्य कारणाने दुखणाऱ्या स्त्रियांपासूनही रुग्ण वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. तोवर नागपूरच्या धंतोलीतल्या लॅबमध्ये अशा तपासणीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.