हलकं लागणारं शटर

बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांतल्या कितीतरी घरांत तळमजल्यावर पूर्वी माग चालायचे. माग उठले, गाळा राहिला, आणि आता त्या गाळ्यात गाडी उभी असते. दाराला मात्र तेच लोखंडी शटर. टिळकवाडी-अनगोळकडच्या अनेक नव्या घरांतही गाडीच्या खोलीला शटरच बसवतात. ते आपल्या घरातलं सगळ्यांत जड हलणारं यंत्र आहे, आणि तरीही आपण त्याला यंत्र म्हणून कधी पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

गेल्या आषाढात आई दोन-तीन दिवस म्हणत होती, "शटर जड झालंय बघ." मी पावसाला दोष दिला आणि दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये तेल सोडलं. काही फरक पडला नाही. शेवटी शटरचे मिस्त्री आले. त्यांनी शटरला हातही लावला नाही, आधी आईला विचारलं, "मावशी, वर न्यायलाच जड लागतंय, का खाली आणायलाबी?" आई म्हणाली, खाली तर आपसूक धावत येतंय. "मग हे तेलाचं काम न्हवं. तेलानं वजन कमी होतंय व्हय? स्प्रिंग गेलीया."

त्या एका प्रश्नात पदार्थविज्ञानाचा अख्खा धडा होता. चॅनलमध्ये लाल माती आणि गंज अडकला की घर्षण वाढतं. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट दिशेला लागतं, म्हणून शटर वर जाताना जड आणि खाली येतानाही जड. स्प्रिंग कमजोर झाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा वर जाताना जड लागतं, पण खाली येताना हातातून निसटू पाहतं. वर-खाली दोन्हीकडे जड असेल तर चॅनल साफ करून थोडं मशिन ऑइल पुरे (ग्रीस नको, त्यात धूळ बसून चिखल होतो). फक्त वर नेताना जड असेल तर त्या शटरखालून कुणीही जाता कामा नये.

कारण हे दार खरं किती वजनाचं आहे, ते आपल्या हाताला कळलेलंच नसतं. तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच गाळा धरा. पोलादी पट्ट्यांचं वजन दर चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास धरलं, तरी पडदा 75 ते 80 किलोचा होतो. साठीतली बाई तो एका हातानं उचलते, कारण उचलण्याचं बहुतेक काम वरच्या पाइपावरच्या दोन-तीन स्प्रिंगा करतात. शटर खाली ओढताना आपण त्या पिळतो, आणि वर नेताना तोच पीळ सुटत मदत करतो.

यातली खरी देखणी गोष्ट पुढं आहे. शटर पूर्ण वर असतं तेव्हा जवळजवळ सगळा पडदा पाइपावर गुंडाळलेला असतो, लोंबणारं वजन थोडंच. ते हातभर खाली आलं की हातभर पडद्याचं वजन वाढतं, आणखी हातभर आलं की तेवढंच आणखी. स्प्रिंगचंही असंच असतं, प्रत्येक वेढ्यागणिक तिचा जोर तेवढाच वाढतो. लंडनच्या रॉबर्ट हुकनं हा नियम 1676 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोडं म्हणून छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला: जितका ताण, तितका जोर. वजन आणि जोर असे हातात हात घालून वाढतात, म्हणून नीट बसवलेलं शटर कुठल्याही उंचीवर जवळपास सारखंच हलकं लागतं. गुंडाळी जसजशी जाड होते तसा थोडा फरक पडतो, पण तो घर्षणात मुरून जातो.

म्हणजे वजन नाहीसं झालेलं नाही, स्प्रिंगनं ते पेललेलं आहे. 80 किलोचा पडदा उतरतो तेव्हा त्याचा मध्य सव्वा मीटर खाली येतो. हिशेब केला तर जवळपास 1000 ज्यूल ऊर्जा होते. सिमेंटचं 50 किलोचं पोतं दोन मीटरवरून पडलं तर तेवढाच दणका बसेल. रात्री शटर बंद करून आपण झोपतो, तेव्हा ही ऊर्जा डोक्यावरच्या पाइपात पिळून ठेवलेली असते. शटर वर असतानाही स्प्रिंगांत सुरुवातीचे काही वेढे शिल्लक असतातच. म्हणून पाइप धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट घरच्या घरी पान्यानं सैल करणं हा सरळ जीवाशी खेळ आहे. पाइप सुटून गरकन फिरला तर पाना धरलेला हात वाचत नाही. उद्यमबागेत रोज लोखंडाशी खेळणाऱ्या माझ्या मित्रांनाही मी हे सांगतो. यंत्रशाळेतला हात कितीही तयार असो, हे काम शटरच्या मिस्त्रीचंच.

आमच्या शटरच्या तीनपैकी एक स्प्रिंग तुटली होती. उरलेल्या दोघींनी दोन-तीन दिवस तिघींचा भार ओढला. आईच्या खांद्याला त्या तिसरीचा हिस्सा जाणवत होता, आणि मी तेल घालत होतो. त्या दिवसांत माझी पुतणी शाळेच्या रिक्षासाठी त्याच शटरखाली पाऊस चुकवत उभी राहायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. मोकळी सुटलेली वस्तू एक मीटर खाली यायला अर्धा सेकंदही घेत नाही. शटरची गुंडाळी उलगडावी लागते म्हणून ते थोडं सावकाश येईल, पण सहा वर्षांच्या मुलीनं वर पाहून बाजूला होण्याइतकं सावकाश नाही.

स्प्रिंग का तुटते? फार जोर पडला म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ती थकून तुटते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेच्या डब्यांचे आस तपासले, तेव्हा धातूचा हा थकवा मोजून दाखवला: एका वेळी सहज पेलणारा भार हजारो वेळा येत-जात राहिला, तर बारीक भेग पडते आणि वाढत जाते. परदेशातल्या गॅरेजच्या दारांच्या साध्या स्प्रिंगा साधारण 10,000 फेऱ्यांच्या हिशेबानं बनवतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जेमतेम सात वर्षं. त्यात आपल्याकडचा पाऊस. कणकुंबी-खानापूरकडून येणारी झड महिनोन्‌महिने भिंती ओल्या ठेवते, आणि गंजानं पडलेला प्रत्येक बारीक खड्डा भेगेला सुरुवात करून देतो. अथणीकडच्या कोरड्या हवेतलं शटर आणि खानापुरातलं शटर एकाच वर्षी बसवलं, तरी त्यांचं वय एक नसतं.

महिन्यातून एकदा एक तपासणी घरीही करता येते. पोरांना लांब ठेवायचं, बाजूला उभं राहून शटर अर्ध्यावर आणायचं आणि हळूच सोडायचं. ते तिथंच थांबलं किंवा वीतभर सरकून थांबलं, तर स्प्रिंगा ठीक आहेत. खाली धावलं, एका बाजूला तिरकं झालं किंवा वरून खडखड आली, तर मिस्त्रीला बोलवायचं. मुळातच जड लागत असेल तर ही तपासणी करायचीच नाही.

आता रिमोटची शटरं आली आहेत, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. स्प्रिंग थकत चालल्याची खबर आजवर हाताला लागायची. मोटरला ती लागली तरी ती बोलत नाही, जास्त वीज ओढून ते वजन गुपचूप उचलत राहते. म्हणून मोटरच्या शटरचीही वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, मोटर सोडवून हातानं चाचणी घ्यायला मिस्त्रीला सांगावं.

अमेरिकेत स्वयंचलित दारांखाली मुलं सापडून मेली, तेव्हा 1990 मध्ये कायदा झाला. 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या घरगुती दारयंत्रांना अडथळा लागताच दोन सेकंदांत उलटं फिरणं सक्तीचं झालं. पण तिथलं दार कडक फळ्यांचं असतं. ते अडलं की मोटरवर भार वाढतो आणि तिला कळतं. आपलं शटर म्हणजे पट्ट्यांचा पडदा. खालची पट्टी कुणाच्या अंगावर टेकली तरी वरच्या पट्ट्या सैल होऊन उतरतच राहतात, मोटरचा भार उलट कमी होतो. तिच्या लेखी सगळं सुरळीत चाललेलं असतं. म्हणून मोटर भार ओळखते एवढ्यावर विसंबू नये. दोन बाजूंना अदृश्य किरणांचा सेन्सर हवाच, आणि तोही जमिनीपासून 15 सेंटिमीटरच्या आत. कमरेएवढ्या उंचीवर लावला तर रांगतं मूल त्याखालून निघून जातं. बटण पाच फुटांवर, रिमोट मुलांच्या हाती नाही, आणि शटर थांबेपर्यंत नजर तिथंच. वर जाणाऱ्या शटरला लोंबकळणाऱ्या पोराची बोटं गुंडाळीत ओढली जाऊ शकतात, म्हणून वरचं पत्र्याचं कव्हर काढून ठेवू नका.

विजेचंही एक सांगतो. अख्खं शटर लोखंडाचं, बाहेर पाऊस, आणि मोटरची वायर कुठंतरी घासलेली, असं जुळून आलं तर पहिला हात लावणाऱ्याला झटका बसतो. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय मोटर चालू करू नये.

आमच्या तिन्ही स्प्रिंगा मिस्त्रींनी एकदम बदलल्या. एक थकली तर बरोबरच्या दोघींनी तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या असतात, म्हणाले. जाताना त्यांनी आतल्या भिंतीवर ऑइल पेंटनं तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं शटर अर्ध्यावर उचलून सोडलं, ते हललं नाही, आणि मग तिनं पुतणीला बाहेर बोलावलं.