सात टक्क्यांच्या आधीची गोष्ट

इटलीच्या बुटाच्या पंज्याजवळ, आयोनियन समुद्राच्या बाजूला, बादोलातो नावाचं गाव दोनदा लागतं. आधी किनाऱ्यावर रेल्वे स्टेशन, दुकानं, नव्या इमारती आणि लांबलचक वाळू. हे बादोलातो मरीना. मग वळणं घेत वर चढलं की डोंगराच्या सोंडेवर एकमेकांना चिकटून बसलेली दगडी घरं दिसतात. ते मूळ बादोलातो. कालाब्रियाच्या किनाऱ्याला अशी जोडगावं ओळीने आहेत, वरचं म्हातारं आणि खालचं धाकटं. निवृत्तीनंतर ‘दक्षिण इटलीत समुद्राकाठी एखादं शांत गाव’ शोधणाऱ्याला यातलं नेमकं कोणतं हवं आहे, हे आधी ठरवावं लागतं. गावाची ही अशी दोन शकलं का झाली, ते कळलं की तिथे आज परदेशी पेन्शनरांसाठी पायघड्या का अंथरल्या आहेत, तेही उलगडतं.

पायघड्या म्हणजे करसवलत. ३० डिसेंबर २०१८ च्या अर्थसंकल्पी कायद्यात इटलीने एक कलम घातलं. परदेशातून पेन्शन मिळणारा माणूस आधीची पाच वर्षं इटलीचा कर-रहिवासी नसेल आणि दक्षिणेतल्या छोट्या नगरपालिकेच्या हद्दीत येऊन राहणार असेल, तर त्याच्या सगळ्या परदेशी उत्पन्नावर सरसकट ७ टक्के कर. एरवी इटलीत वरच्या टप्प्याचा दर ४३ टक्के आहे, म्हणजे फरक किती मोठा ते बघा. लोकसंख्येची मर्यादा सुरुवातीला २०,००० ठेवली होती. प्रदेश आठ: सिसिली, सार्डिनिया, कालाब्रिया, कांपानिया, बाझिलिकाता, पुलिया, मोलिसे आणि आब्रुत्सो. काही महिन्यांतच सवलतीची मुदत वाढवून नऊ वर्षांवर नेली.

कल्पना इटलीची स्वतःची नव्हती. पोर्तुगालने २००९ मध्ये नव्या रहिवाशांसाठी जी योजना काढली, तिच्यात परदेशी पेन्शनवर काही वर्षं करच लागत नव्हता. फिनलंड आणि स्वीडन त्यावरून इतके चिडले, की दोघांनीही पोर्तुगालबरोबरचा करकरार मोडला. २०२० मध्ये पोर्तुगालने १० टक्के कर लावला आणि २०२४ मध्ये नव्या लोकांसाठी ती योजनाच बंद केली. तोवर इटलीचे ७ टक्के आले होते आणि पाठोपाठ ग्रीसनेही तोच आकडा उचलला होता. म्हाताऱ्यांसाठी देशादेशांत अशी ओढाओढ लागावी, हे दृश्य आमच्या पिढीला नवंच.

समुद्राकाठी राहायला मिळणं हे सुख आहे, ही समजूतसुद्धा इथे फार जुनी नाही. श्रीमंत रोमनांचं सोडा. नेपल्सच्या आखातावर त्यांचे बंगले होते. सम्राट तिबेरियस इ. स. २६ मध्ये रोममधून निघाला, काप्री बेटावर जाऊन राहिला आणि ३७ मध्ये मरेपर्यंत राजधानीत परतला नाही. त्याला पहिला निवृत्त म्हणता आलं असतं, पण कारभार त्याने हातातून सोडला नव्हता. सामान्य माणसाला मात्र किनारा म्हटलं की दोन गोष्टींची धडकी भरायची. एक म्हणजे समुद्रावरून येणारे हल्ले. १४८० मध्ये ऑटोमन फौजेने पुलियातलं ओत्रांतो लुटलं. सोळाव्या शतकात नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयांनी किनाऱ्याने टेहळणीचे बुरूज बांधत नेले. त्यांतले कितीतरी अजून उभे आहेत, काहींत आता हॉटेलं आहेत. ‘मामा, ली तुर्की!’ म्हणजे ‘आई गं, तुर्क आले!’ हे इटालियन लोक आजही गमतीने म्हणतात.

दुसरी धडकी हिवतापाची. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन, अर्थ ‘वाईट हवा’. दोष हवेचा नसून डासाचा, हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये आपल्याकडे सिकंदराबादेत शोधलं. वर्षभरात जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी या इटालियन शास्त्रज्ञाने माणसाला होणारा हिवताप ॲनोफिलिस डासामुळे होतो, हे दाखवून दिलं. श्रेयावरून दोघांचं चांगलंच वाजलं आणि १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं. तिकडे इटलीने १९०० मध्ये कायदा करून सरकारी क्विनाइन मीठ-तंबाखूच्या सरकारी दुकानांतून विकायला काढलं. तोवर शेतकऱ्याचा उपाय एकच होता: दिवसभर खालच्या सपाटीवर राबायचं आणि अंधार पडायच्या आत डोंगर चढून घर गाठायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली आणि १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटलीला हिवतापमुक्त ठरवलं. ज्या किनाऱ्याच्या फोटोवर आज माणसं भाळतात, तिथे आजोबांच्या काळात रात्र काढायची कोणाची हिंमत नव्हती.

हिवताप हटला आणि गावं उतरणीला लागली. आयोनियन किनाऱ्याची रेल्वे १८७५ मध्येच पूर्ण झाली होती, म्हणजे खाली स्टेशन होतं. ऑक्टोबर १९५१ मध्ये कालाब्रियात भयंकर पूर आले, दरडी कोसळल्या. बादोलातोतली कित्येक कुटुंबं कायमची मरीनाला उतरली. काही गावं तर सरकारने अख्खी हलवली.

पण खाली उतरले त्यांच्याहून जास्त लोक लांब गेले. इटलीचं एकीकरण १८६१ चं. देशाबाहेर जाणाऱ्यांची मोजदाद १८७६ पासून सुरू झाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत अडीच कोटींहून जास्त माणसं इटली सोडून गेली. एकट्या १९१३ मध्ये पावणेनऊ लाखांच्या आसपास. आधी न्यूयॉर्क, ब्युनोस आयरिस, साओ पावलो. अमेरिकेने १९२४ मध्ये कोटा लावून दार बंद केल्यावर आणि मधलं युद्ध सरल्यावर बेल्जियम आणि जर्मनी. जून १९४६ मध्ये इटलीने बेल्जियमशी करार केला. माणसं आम्ही देतो, कोळसा तुम्ही द्या. आठवड्याला २,००० पर्यंत मजूर, पस्तिशीच्या आतले, धडधाकट. ८ ऑगस्ट १९५६ ला मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ जण मेले, त्यांतले १३६ इटालियन. त्यानंतरही दक्षिणेच्या गाड्या भरूनच जात राहिल्या, तुरीन-मिलानच्या कारखान्यांकडे आणि जर्मनीकडे.

कोकणातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. गिरणीतला मुलगा, महिन्याची मनीऑर्डर, गणपतीला उघडणारं घर. दक्षिण इटलीत हेच सगळं जहाजाच्या अंतरावर चालायचं. जे परतले त्यांना गाव ‘आमेरिकानो’ म्हणायचं, आणि म्हातारपणी परतलेल्यांच्या नावाने बेल्जियमच्या खाणीचं, जर्मनीच्या कारखान्याचं, अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचं पेन्शन गावच्या पोस्टात यायचं. किराणा दुकानाची उधारी त्यावर फिटायची. त्यामुळे परदेशी पेन्शनवर जगणारा म्हातारा या चौकाला २०१९ मध्ये पहिल्यांदा दिसला, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तो गावाच्या ओळखीचा होता, फक्त तो गावचाच असायचा. सात टक्क्यांचं कलमही नागरिकत्व विचारत नाही. जर्मनीत पस्तीस वर्षं काढून परतणाऱ्या कालाब्रियनालाही ते लागू होतं. गावातच राबलेल्या शेजाऱ्याच्या इटालियन पेन्शनला मात्र नाही. त्या दोघांमधल्या संभाषणाची कल्पना वाचकांनीच करावी.

परका येऊन राहिला आणि गावाचं नाव झालं, याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण नेपल्सच्या दक्षिणेला चिलेंतोच्या किनाऱ्यावर आहे. पिओप्पी हे पोल्लिका नगरपालिकेतलं चिमुकलं मच्छीमार गाव. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नेपल्सला आले. इथल्या कष्टकऱ्यांत हृदयविकार कमी आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि ते तपासायचं होतं. बायको मार्गारेट रसायनशास्त्रज्ञ, रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायचं काम तिचं. १९५७ मध्ये त्यांच्या गटाने कालाब्रियातल्या निकोतेरा या किनाऱ्यावरच्या गावात चाचणी पाहणी केली आणि १९५८ मध्ये सात देशांतला प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला. पुढे या जोडप्याने पिओप्पीत जमीन घेऊन घर बांधलं आणि त्याला ‘मिनेलेआ’ नाव दिलं: मिनियापोलिस आणि एलिया यांची सांगड. एलिया म्हणजे पार्मेनिडीस आणि झेनो या तत्त्ववेत्त्यांचं ग्रीक नगर, तिथून जवळच त्याचे अवशेष आहेत. १९७२ मध्ये विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर कीज वर्षाचा मोठा काळ इथेच असत.

त्यांनी जगाला सांगितलेला ‘भूमध्य आहार’ म्हणजे इथलं गरिबाघरचं जेवण. चणे, पावटे, रानातल्या कडू पालेभाज्या, पाव, ऑलिव्ह तेल, मटण सणासुदीला. आणि अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. चिलेंतोत तो ‘मेनाइका’ नावाच्या जाळ्याने धरतात. जाळ्याचे डोळे असे, की लहान मासा निसटतो आणि मोठा डोक्याशी अडकतो. होडीतच एकेक मासा हाताने सोडवून डोकं मोडायचं, रक्त वाहू द्यायचं, मग मातीच्या बरणीत मिठाचे थर देऊन तो महिनोन्‌महिने मुरवायचा. ही होडी आता मोजक्याच घरांतून निघते. जेवणाची तीच गत. ज्या कांपानियाचं ताट आरोग्याचा नमुना म्हणून जगभर गाजलं, तिथली मुलं आज इटलीतल्या सर्वांत लठ्ठ मुलांत गणली जातात.

नोव्हेंबर २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य आहाराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. इटलीकडून त्यात चिलेंतोचं नाव होतं. ते व्हावं म्हणून धडपडलेला पोल्लिकाचा महापौर अँजेलो व्हास्सालो स्वतः मच्छीमार. रस्त्यावर सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्याला दंड करणारा. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला घरी जाताना त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. युनेस्कोचा निकाल बघायला तो नव्हता. चित्रासारखं गाव म्हणजे साधंसरळ गाव, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रिकाम्या घरांचा बाजार याच सुमारास मांडला गेला, असं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये गावच्या ग्रंथपालाने वर्तमानपत्रातून आवाज उठवला: बादोलातो विकणे आहे. हेतू डिवचण्याचा होता, पण खरंच स्विस, जर्मन, डॅनिश गिऱ्हाईकं आली आणि वरच्या गावात घरं घेऊन राहिली. २६ डिसेंबर १९९७ ला आठशेहून जास्त लोकांना, बहुतांशी कुर्दांना, घेऊन ‘अरारात’ हे जहाज याच किनाऱ्याला लागलं, आणि त्यांतल्या काहींनाही त्याच रिकाम्या घरांत आसरा मिळाला. २००८ मध्ये सिसिलीतल्या सालेमीने एक युरोत घर देण्याची कल्पना जाहीर केली आणि मग तिचं पेव फुटलं. एक युरो ही बोलण्यापुरती किंमत, खरा खर्च दुरुस्तीचा. आणि त्याआधी मालक शोधायचा. इटलीत वारसाहक्काने सगळ्या मुलांना वाटा जातो, म्हणून एका खोलीला आठ मालक निघतात, दोघे अर्जेंटिनात, एक मेलबर्नला. सातबाऱ्यावर चुलतचुलत्यांची रांग पाहिलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल.

मराठी माणसाचं या किनाऱ्याशी एक जुनं नातंही आहे. सवलतीच्या आठांपैकी आब्रुत्सोत, तोरिनो दी सांग्रो इथे, १९४३ च्या सांग्रो नदीच्या लढाईतल्या सैनिकांची दफनभूमी आहे. दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक तिथेच आहे. तिथे लढलेल्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्री होती.

आज जाणाऱ्याला जे सुख मिळतं, ते खरं आहे. जून ते ऑक्टोबर पोहता येईल असं पाणी, होडीवरून थेट मिळणारा मासा, उत्तर इटलीच्या मानाने फारच कमी भाडं. दुपारच्या ‘कोंत्रोरा’त गाव असं बंद होतं की पुण्याच्या एक ते चारनेही मान खाली घालावी. संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर फेरी मारायला निघतं, ती पासेजाता. चौकातल्या कॅफेत तिसऱ्या दिवशी तुमची कॉफी न सांगता पुढ्यात येते.

युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला आधी निवासाचा व्हिसा लागतो. तो मिळवायला एकट्यासाठी वर्षाला सुमारे ३१,००० युरोंचं कायमचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि काम करायची मुभा नसते, घरबसल्यासुद्धा. अमेरिकेत हयात घालवलेल्या मराठी जोडप्यालाही हाच दरवाजा. सरकारी नोकरीच्या पेन्शनला बहुतेक करकरारांत वेगळा नियम असतो, तेव्हा ७ टक्क्यांचा हिशेब मांडण्याआधी तो वाचावा. सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेने नाव घालायची किमान वर्गणी २०२४ पासून २,००० युरो झाली. आणि जानेवारीत दगडी घराच्या भिंतींना ओल येते, हे उन्हाळ्यात घर दाखवणारा सांगत नाही.

तरुणांनाही बोलावणं गेलं होतं. मोलिसेने २०१९ मध्ये २,००० हून कमी वस्तीच्या गावात येऊन धंदा सुरू करणाऱ्याला महिना ७०० युरो देऊ केले, कालाब्रियाने २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्यांना एकूण २८,००० पर्यंत. पण म्हाताऱ्यांना बोलवायचं तर डॉक्टर हवेत, आणि कालाब्रियाचे डॉक्टर इतरांच्या मागोमाग उत्तरेला आणि परदेशी गेले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये या प्रदेशाने क्युबाशी करार केला, सुमारे ५०० डॉक्टरांसाठी. पहिली तुकडी त्याच हिवाळ्यात विमानाने उतरली. रुग्णांशी बोलता यावं म्हणून कामावर रुजू होण्याआधी त्यांना इटालियन शिकवावं लागलं.