शर्मन्स शोकेस : डीव्हीडीच्या खोक्यामागचा इतिहास

‘शर्मन्स शोकेस’ ही अमेरिकन विनोदी मालिका ३१ जुलै २०१९ ला सुरू झाली तेव्हा जवळपास सगळीकडे तिची ओळख एका ओळीत उरकली गेली, की ही ‘सोल ट्रेन’ची, म्हणजे सत्तरच्या दशकापासून चाललेल्या काळ्या लोकांच्या गाण्या-नाचाच्या टीव्ही शोची, पॅरडी आहे. चूक नाही, पण अर्धवट आहे. ज्यांनी बघितलीये त्यांना माहितीये की यात आपल्याला शो दिसतच नाही, शोची जाहिरात दिसते. वय झालेला होस्ट आपल्याकडे बघून त्याच्या कित्येक दशकं चाललेल्या म्युझिक शोचा २३ डीव्हीडींचा संच विकत असतो आणि त्या ओघात जुने तुकडे येत जातात, सत्तरचं दशक मग एकदम नव्वदचं मग परत मागे, कुठलाही क्रम नाही. कपडे, केस, कॅमेऱ्याची दाणेदार पट्टी, व्हीएचएसचा फिकट रंग, सगळं त्या त्या वर्षाचं. लोक गाण्यांबद्दल आणि केसांच्या विगबद्दल भरपूर बोलले, या जाहिरातीच्या चौकटीबद्दल फार कमी बोलले, आणि मला वाटतं या मालिकेतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट तीच आहे. कारण अमेरिकेत टीव्हीवरच्या काळ्या संगीताचा इतिहास म्हणजे जाहिरात कोण देणार या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या नेटवर्कने, म्हणजे देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या टीव्ही कंपनीने, तेव्हाच्या अतिशय लोकप्रिय काळ्या गायक-पियानोवादकाला स्वतःच्या नावाचा शो दिला, आधी पंधरा मिनिटं, पुढे अर्धा तास. मोठमोठे कलाकार त्याच्या प्रेमापोटी किमान मानधनावर येऊन गायले. तरी देशभर चालणारा एकही प्रायोजक मिळाला नाही, दक्षिणेकडच्या राज्यांतलं गोरं गिऱ्हाईक तुटेल ही भीती, आणि १९५७ च्या डिसेंबरात शो संपला. नंतर त्या गायकानेच म्हटलं की जाहिरातवाल्यांना अंधाराची भीती वाटते. एवढं एक वाक्य कळलं की पुढची वीस वर्षं समजतात. नेटवर्क हात लावेना म्हणून हे शो गावोगावच्या छोट्या स्टेशनांवर उगवले, पन्नासच्या दशकात विल्मिंग्टनला, १९६४ पासून नॅशव्हिलला, १९६६ मध्ये एक डॅलसला रंगीत शूट झालेला. बहुतेक काही वर्षांत आटोपले. बाल्टिमोरचा एक गोऱ्या पोरांचा डान्स शो तर काळ्या आणि गोऱ्या पोरांना एकत्र नाचू द्यायला लागेल म्हणून १९६४ मध्ये बंदच करून टाकला, म्हणजे शो गेला तरी चालेल पण ते नको.

आता शिकागो. १७ ऑगस्ट १९७०, एका लहान स्थानिक चॅनलवर, बोर्ड ऑफ ट्रेडच्या इमारतीच्या ४३ व्या मजल्यावरच्या कोंदट स्टुडिओतून ‘सोल ट्रेन’ सुरू झाला. ब्लॅक अँड व्हाइट, लाइव्ह, सोमवार ते शुक्रवार दुपारी, म्हणजे पोरं शाळेतून घरी यायची ती वेळ. होस्टच मालक होता. आधी विमा विकायचा, काही काळ पोलिसात होता, मग रेडिओवर बातम्या वाचायला लागला, आणि बाजूला शहरातल्या शाळाशाळांतून गायकांचे कार्यक्रम घेऊन फिरायचा. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या त्या लवाजम्याला तो सोल ट्रेन म्हणायचा, नाव तिथून आलं. शिकागोत त्याला एक मोठी डिपार्टमेंट स्टोअर कंपनी जाहिरात द्यायला तयार झाली, पण देशभर जायचं म्हटलं तर तेवढ्याने भागणार नव्हतं.

ते भागवलं शिकागोतल्याच एका कंपनीने, काळ्या लोकांच्या मालकीची, केसांची उत्पादनं बनवणारी. १९७१ मध्ये ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली काळ्या मालकीची पहिली कंपनी ठरली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तिच्या पैशावर ‘सोल ट्रेन’ शिकागोबाहेर निघाला. सुरुवातीला स्टेशनं मिळाली दहाच्या आत. बाकीच्यांनी नाही म्हटलं, पण वर्ष सरता सरता एकेक करून आत आली. त्या कंपनीच्या जाहिराती आजही शोधून बघा, मी काही तर परत परत बघितल्यात. एका जाहिरातीत एक तरुण बाहेर निघालाय, अफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुगवलेले कुरळे केस, नीट विंचरलेला नाही, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले एकोणिसाव्या शतकातले थोर नेते चक्क त्याच्यासमोर प्रकट होतात आणि असा जाणारेस का बाहेर म्हणून त्याला विचारतात. तरुण बिचारा आत जाऊन केस नीट करतो. आज बघताना कुणालाही वाटेल की हे पॅरडीतलं आहे. नाही, हे खरं आहे, ही खरी जाहिरात होती आणि मनापासून केलेली होती. देशभरच्या टीव्हीवर काळं कुटुंब, काळा इतिहास, काळे केस सुंदर म्हणून दाखवणारी जागा तेव्हा जाहिरातीच्या त्या तीस-साठ सेकंदांतच होती. म्हणून म्हणतो की ‘शर्मन्स शोकेस’ने जाहिरातीची चौकट घेतली तो योगायोग वाटत नाही.

शोमधल्या ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, दोन रांगा आणि मधून नाचत येणारी जोडी, होस्टचा खर्जातला आवाज, त्या परत सांगत बसत नाही. एकच सांगतो, स्क्रॅम्बल बोर्डबद्दल. फळ्यावर उलटसुलट अक्षरं, नाचणाऱ्यांपैकी एक जोडी पुढे येणार आणि साठ सेकंदांत ती जुळवून कुणा नामवंत काळ्या व्यक्तीचं नाव लावणार. शो बंद झाल्यावर होस्टने सांगितलं की बहुतेक वेळा सगळे जिंकतील अशीच सोय केलेली असायची, आपली पोरं देशासमोर अडखळताना दिसू नयेत म्हणून. फसवणूक म्हणा हवं तर, मला नाही वाटत. हसणाऱ्या चेहऱ्यांच्या मागे केवढं दडपण होतं ते यातून कळतं, आणि पॅरडी करणाऱ्यांनी जेव्हा तसाच सेट उभा करून त्यात सगळं काही चुकत जाणारं दाखवलं तेव्हा ते नेमकं कुठलं कुलूप उघडत होते तेही कळतं. आता चुकलं तरी चालतं, पडलं तरी चालतं. १९७२ मध्ये चालत नव्हतं.

आता तो वाद, ज्याच्यावर अजून लोकांची दोन मतं आहेत. १९७३ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या, जुन्या डान्स शोच्या गोऱ्या मालकाने ‘सोल अनलिमिटेड’ नावाचा शो काढला. होस्ट काळा, पाहुणे काळे, नाचणारे काळे, मालक तो स्वतः, आणि अधूनमधून त्याच्याच जुन्या शोच्या जागी नेटवर्कवर दाखवायचा. वरवर बघता यात वाईट काय, काळ्या कलाकारांना आणखी एक जागा मिळाली असं म्हणणारे तेव्हाही होते आताही आहेत. पण गणित समजून घ्या. नेटवर्कचा शो एका झटक्यात देशभर जातो, त्याला स्टेशनामागे फिरावं लागत नाही. ‘सोल ट्रेन’ एकेका शहरातल्या एकेका स्टेशनाला विकला जायचा, दरवर्षी नव्याने, आणि स्टेशन मॅनेजरला फुकटात नेटवर्ककडून तसाच माल मिळाला तर तो पैसे मोजून दुसरीकडून कशाला घेईल? शिवाय गायक तेच, रेकॉर्ड कंपन्या त्याच, एकदा मोठ्या शोची सवय झाली की छोट्याकडे कोण येणार. नागरी हक्कांच्या चळवळीतली नामांकित मंडळी आणि संगीत धंद्यातले वजनदार काळे लोक थेट नेटवर्ककडे गेले आणि म्हणाले की देशात काळ्या मालकीचा असा एकच शो आहे, तो तुम्ही मारताय. थोडेच भाग होऊन ‘सोल अनलिमिटेड’ बंद झाला.

माझं मत विचाराल तर बरोबर झालं. स्पर्धा बरोबरीच्यांत असते, इथे एका बाजूला अख्खं नेटवर्क होतं. आणि नावाकडेही बघा जरा. ‘सोल’ हा शब्द, काळ्या लोकांच्या एका संगीतप्रकाराचं नाव, तेव्हा कुणा एकाचा नव्हता हे खरं, पण तो रिकामाही नव्हता. संगीताच्या धंद्याचं जे मुख्य साप्ताहिक होतं त्याने काळ्या संगीताच्या यादीचं नाव इतक्यांदा बदललंय की डोकं चक्रावतं, १९४५ मध्ये ‘रेस’, १९४९ मध्ये ‘रिदम अँड ब्लूज’, मग १९६३ च्या शेवटापासून वर्षभराहून जास्त काळ यादीच गायब, १९६९ मध्ये ‘सोल’, १९८२ मध्ये सरळ ‘ब्लॅक’, १९९० मध्ये परत ‘आर अँड बी’. प्रत्येक वेळी नाव ठेवणारा बाहेरचा. शिकागोच्या त्या होस्टने ‘सोल’ हा शब्द स्वतः उचलून स्वतःच्या धंद्यावर लावला होता, तर दोन-तीन वर्षांत तो दुसऱ्याच्या पाटीवर दिसला. राग येणारच.

आणि याच काळातला दुसरा निर्णय, ज्यावर खरं तर जास्त बोलायला हवं. शोसाठी नवीन सुरुवातीची धून फिलाडेल्फियात रेकॉर्ड झाली, तिथल्या नावाजलेल्या निर्माता जोडीने केलेली, तंतुवाद्यं, ब्रास, खाली एकसारखा चालणारा ठेका. इतकी गाजली की रेकॉर्ड म्हणून बाजारात आणायचं ठरलं. निर्मात्यांची इच्छा की गाण्याच्या नावातच ‘सोल ट्रेन’ असावं. होस्ट म्हणाला नाही, माझ्या शोचं नाव रेकॉर्डवर द्यायचं नाही. मग त्यांनी फिलाडेल्फियाच्या आवाजाचं नाव दिलं, त्याची आद्याक्षरं मोठी करून, आणि एप्रिल १९७४ मध्ये ते गाणं देशात पहिल्या नंबरवर गेलं. टीव्ही शोची धून असलेलं गाणं तिथे पोचायची ती पहिलीच वेळ, आणि त्या गाण्यावर शोचं नाव नाही. फुकटात मिळालेली एवढी मोठी जाहिरात गेली, आणि पुढे त्यानेच कबूल केलं की ती मोठी चूक होती. लोक हे हटवादीपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ते तसं वाटत नाही. ज्याला आत्ताच आपला शो आणि आपला शब्द जवळजवळ हातातून जाताना दिसलाय तो माणूस नाव मुठीत धरून बसणार नाही तर काय करणार, त्याच्याकडे नेटवर्क नव्हतं, गोदाम नव्हतं, नाव हीच मालमत्ता होती. चूक धंद्याची असेल, समजण्यातली नव्हती. १९७५ मध्ये त्याने त्याच नावाने रेकॉर्ड कंपनीही काढली, म्हणजे नाव द्यायला तयार होता, पण स्वतःच्या हाताने.

पुढचं भराभर. १९८० मध्ये शोवर पहिल्यांदा रॅप आलं आणि होस्टने आपल्याला हे फारसं कळत नाही असं उघड दाखवून दिलं, ही अढी पुढे बरीच वर्षं राहिली आणि तरुण पोरं दुरावली ती तेव्हापासून. १९८७ मध्ये शोच्या नावाचे पुरस्कार सुरू झाले. १९९३ मध्ये त्याने होस्टिंग सोडलं, २००६ मध्ये शो संपला, अकराशेच्या वर भाग भरले. २००८ मध्ये त्याने कंपनी विकली, २०११ मध्ये ती परत विकली गेली आणि २०१६ मध्ये एका बड्या मीडिया समूहाकडे गेली. ज्या नावासाठी एवढं सगळं केलं ते शेवटी तिथे पोचलं, हे वाचताना वाईट वाटतं. तो स्वतः २०१२ मध्ये गेला.

पॅरडी तशी नवी नाही, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका स्केच शोमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या विनोदी प्रसंगांच्या कार्यक्रमात, ‘सोल ट्रेन’च्या याच होस्टची आणि म्हाताऱ्या नर्तकांची नक्कल झाली होती. पण ती पाच मिनिटांची. ‘शर्मन्स शोकेस’ करणारे दोघं कॉलेजपासूनचे मित्र, न्यूयॉर्कच्या एका लेट नाइट शोमध्ये लेखक होते, जिथे बातम्या संथ प्रेमगीताच्या चालीवर म्हणायचा प्रकार चालायचा, आणि एक जण शिकागोचाच. त्यांची शिकागोवरची दुसरी मालिका तर बरोबर एक आठवडा आधी, २४ जुलै २०१९ ला, वेगळ्याच चॅनलवर सुरू झाली होती. ‘शर्मन्स शोकेस’ ज्या चॅनलवर आली तिथे जुन्या डॉक्युमेंट्रींची हुबेहूब नक्कल करणारी मालिका आधीच होती, त्यामुळे जुन्या टीव्हीचं पोत जसंच्या तसं आणायची तिथे सवय होती. एक आघाडीचा गायक-पियानोवादक निर्मात्यांत होता आणि ते ऐकू येतं, कारण गाणी अर्धवट गंमत म्हणून केलेली नाहीत, पूर्ण बांधलेली आहेत, त्या त्या वर्षाच्या बास आणि ड्रमसकट. शब्द काढून टाकले तर जुन्या रेडिओवर खपून जातील. पॅरडी म्हणून सुरू होतात आणि मध्यावर आपण नुसते ठेका धरून बसलेलो असतो.

व्हरायटी शो, म्हणजे गाणी, नाच, विनोद सगळं असलेला कार्यक्रम, म्हणावं का डान्स शो, यावरही गोंधळ आहे. ‘सोल ट्रेन’ मुळात डान्स शो, स्केचेस नव्हती. ‘शर्मन्स शोकेस’मध्ये नाच आहे, पाहुणे आहेत, स्केचेस आहेत, खोट्या सिनेमांचे ट्रेलर आहेत, म्हणजे तिने त्या काळचे दोन-तीन प्रकार एकाच छताखाली आणलेत. १९ जून २०२० ला, जुनटीन्थच्या, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याच्या स्मरणाच्या दिवशी, त्यांचा ब्लॅक हिस्टरी मंथचा विशेष भाग आला, महिना फेब्रुवारीचा आणि भाग जूनमध्ये. त्यात केंटे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं रंगीबेरंगी कापड, जिथे तिथे लावा असं सांगणारं एक गाणं आहे, आणि त्याच ८ जूनला वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधी पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या स्मरणार्थ गळ्यात केंटेचे पट्टे घालून गुडघ्यावर बसले होते. शूटिंग त्याआधीच झालेलं, तरी बघणाऱ्याला वाटावं की आदल्या रात्री लिहिलंय. दुसरा सीझन यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

त्या २३ डीव्हीडींकडे परत येतो. खऱ्या ‘सोल ट्रेन’चा निवडक भागांचा संच २०१० मध्ये बाजारात आला, शो संपून चार वर्षं झाल्यावर, आणि अकराशे भागांच्या मानाने तो अगदी चिमूटभर, कारण प्रत्येक गाण्याचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे. शर्मनच्या संचात मात्र सगळं आहे, एकही दशक सुटलेलं नाही. ४३ व्या मजल्यावरून रोज दुपारी लाइव्ह गेलेल्या शिकागोच्या त्या भागांपैकी फारच थोडं शिल्लक आहे. टेप महाग असायची, त्यावरच पुढचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचे.