घर नसलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मदत: खान्देशात अर्ज कुठे आणि कसा करायचा

फक्त ‘बेघर विद्यार्थी’ म्हणून मिळणारी शिष्यवृत्ती शोधण्यात वेळ घालवू नका. मदत आहे, पण ती अनाथ, आदिवासी, अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग अशा वेगवेगळ्या योजनांत विखुरलेली आहे. आपण कशात बसतो हे आधी ठरवा आणि कागद बारावीच्या निकालाआधीच जमवा. हुशार मुलं अडकतात ती कागदांवर, याचं फार वाईट वाटतं.

सुरुवात आधारपासून. पत्त्याचा पुरावा नसेल तर आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र देऊ शकतात. मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षकही देऊ शकतात. आधारला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडा, नाहीतर महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळावर, ओटीपीच येणार नाही. बँक खातंही आधारशी जोडलेलं हवं.

आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढा. संस्थेत वाढलेली मुलं ‘संस्थात्मक’, नातेवाइकांकडे वाढलेली ‘संस्थाबाह्य’, अशी वर्गवारी 6 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयात आहे. अर्ज जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा. प्रमाणपत्र नाशिकच्या विभागीय उपायुक्तांकडून मिळतं. जन्माचा आणि शाळेचा दाखला, पालकांचे मृत्यूचे दाखले, बाल कल्याण समितीचे आदेश असतील ते जोडा. या प्रमाणपत्रावर शिक्षणात 1 टक्का आरक्षण आहे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत अनाथ मुला-मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलतही आहे.

बालगृहात असाल तर अठरा पूर्ण होण्याआधीच अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतर मिळणाऱ्या मदतीसाठी, अर्ज करा. ही मदत 21 वर्षांपर्यंत, अपवादात्मक स्थितीत 23 पर्यंत मिळू शकतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. बाहेर पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत असतानाच अधीक्षकांच्या मागे लागा.

कुटुंब आहे, पण पालावर राहतं किंवा ऊसतोडीला गुजरातेत जातं, त्यांचं काय? आदिवासी विद्यार्थ्याने आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे: नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्या-जेवणासाठी वर्षाला 43,000 रुपये. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. त्यासाठीची आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याला आहेत. अनुसूचित जातींसाठी अशीच स्वाधार योजना समाजकल्याणकडे आहे, तर इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारला भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागतात, तेव्हा खोली घेताना भाडेकरार करून घ्याच. स्वाधारसाठी हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

एक अट मात्र मला अन्यायाची वाटते. कुटुंब ज्या शहरात राहतं तिथलंच कॉलेज असेल तर स्वयंम आणि स्वाधार मिळत नाहीत. धुळ्याच्या फुटपाथवर राहणारी मुलगी धुळ्यातच शिकत असेल, तर नियमाच्या लेखी ती स्थानिकच. तिने निदान महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सोडू नये आणि कॉलेजात काम करून पैसे मिळवायच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागातही विचारावं.

जातीच्या दाखल्याला आदिवासींकडून 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, तर अनुसूचित जातींकडून 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद चालते. काहीच नसेल तर प्रांत कार्यालयात गृहचौकशीची, म्हणजे घरी-गावात येऊन चौकशी करण्याची, मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, तो सेतू केंद्रातून निघतो.

महाडीबीटीवर अर्ज भरला की छापील प्रत कॉलेजच्या क्लार्ककडे द्या आणि दर आठवड्याला स्थिती बघा. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून पाठवावा लागतो. पुढच्या वर्षी त्याच अर्जाचं नूतनीकरण करायचं असतं, म्हणून लॉगिनचं नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.