शेवटचा हात (गुन्हेपटातील कथासूत्र)

शेवटचा हात : चोरी सोडून काही वर्षे सरळ वागलेला सराईत चोर गरजेपोटी, जुन्या साथीदाराच्या भिडेखातर किंवा स्वतःच्याच खुमखुमीने पुन्हा एकदा, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे अखेरचीच, चोरी करायला निघतो, या कल्पनेवर उभे राहिलेले गुन्हेपटातील कथासूत्र. मराठीत ‘हात मारणे’ म्हणजे चोरी करणे, आणि पत्त्यांच्या डावातही हात केले जातात. या कथांमध्ये चोर आणि जुगारी पुष्कळदा एकाच माणसात नांदत असल्यामुळे हे नाव त्यांना चपखल बसते. वाल्या कोळ्याची कथा मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते; ती त्याचा वाल्मीकी झाल्यावर संपते. वारुळातून बाहेर आलेल्या त्या माणसाच्या दारात वाटमारीच्या दिवसांतला एखादा सोबती येऊन उभा राहिला तर काय होईल, हे मात्र ती सांगत नाही. प्रस्तुत कथासूत्राचा आरंभ नेमका त्या दारात होतो.

हे कथासूत्र कमी खर्चाच्या चित्रपटांत विशेष रुजले, आणि त्याला व्यवहाराचे कारण आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा रूढ झाली. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याला टक्केवारी मिळे. जोडीच्या दुय्यम चित्रपटाला मात्र चित्रपटगृहाकडून ठरावीक भाडेच मिळत असे. तो कितीही गाजला तरी उत्पन्न वाढणार नव्हते, म्हणून नफा वाढवायचा तर खर्च कमी करणे एवढाच मार्ग उरे. साधारण तासा-सव्वातासाच्या या चित्रपटांना भव्य देखावे परवडत नसत. दोन खोल्या, एक दारूचा गुत्ता, रात्रीचा ओला रस्ता आणि बोलणारी चार माणसे एवढ्यावर त्यांना भागवावे लागे. पडद्यावर दरोडा घालायला पैसा लागतो, पण दरोडा घालावा की नाही याचा विचार करणारा माणूस दाखवायला एक टेबल आणि एक चांगला नट पुरतो. चोराच्या मनातली चलबिचल हा या चित्रपटांचा मुख्य ऐवज ठरला, त्यामागे कलेच्या तत्त्वापेक्षा खर्चाचा हिशेब अधिक होता असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे कारण नियमांचे होते. अमेरिकी चित्रपट उद्योगाने १९३० मध्ये स्वतःसाठी एक निर्मिती-संहिता स्वीकारली आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात आणली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल अशी मांडणी तिला मान्य नव्हती. त्याचप्रमाणे चोरी, तिजोरी फोडणे वगैरेंची पद्धत तपशीलवार दाखवण्यासही मनाई होती. परिणामी चोराचा शेवट तुरुंगात किंवा मरणात होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असे. शेवट आधीच ठरलेला असला की उत्कंठा दुसरीकडे शोधावी लागते. ती ‘पकडला जाईल का’ या प्रश्नातून निघून ‘कशामुळे पकडला जाईल’ या प्रश्नात आली. चोराच्या स्वभावातील जी खोट तो सुधारल्यावरही शिल्लक राहते तीच त्याला बुडवते, ही या कथासूत्राची खास घडण त्यातून तयार झाली.

जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द अॅस्फाल्ट जंगल’ (१९५०) या चित्रपटात ती स्वच्छ दिसते. हा काही फुटकळ चित्रपट नव्हता, एका बड्या कंपनीची ती निर्मिती होती. परंतु पुढच्या सर्व गरीब चित्रपटांनी त्याच्याकडून उसनवारी केली. त्यातील वयस्क सूत्रधार तुरुंगातून नुकताच सुटलेला असतो. त्याची योजना काटेकोर असते, आणि तरीही जुकबॉक्सच्या (नाणे टाकून गाणे वाजवायच्या यंत्राच्या) तालावर नाचणाऱ्या एका तरुणीकडे पाहत तो उपाहारगृहात काही मिनिटे जास्त थांबतो आणि पोलिसांच्या हाती लागतो. स्टॅन्ली कुब्रिक यांनी सुमारे ३ लाख २० हजार डॉलरमध्ये केलेल्या ‘द किलिंग’ (१९५६) मध्ये पाच वर्षांची शिक्षा भोगून आलेला नायक घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील २० लाख डॉलर लुटतो. त्याच्या टोळीत तिकीटखिडकीवरचा कारकून, दारू वाटणारा नोकर आणि एक पोलीस असे एरवी नोकरी करून पोट भरणारे लोक असतात. अखेरीस विमानतळावर एक कुत्रा धावत सुटतो, सामानाच्या गाडीवरची जुनी बॅग खाली पडून उघडते आणि सगळ्या नोटा विमानाच्या पंख्याच्या वाऱ्याने उडून जातात. योजना नायकाची, पण निकाल एका स्वस्त कुलपाच्या बॅगेचा.

फ्रान्समध्ये अमेरिकी संहिता लागू नव्हती. ज्यूल्स दासँ हा अमेरिकी दिग्दर्शक कम्युनिस्ट ठरवला गेल्यामुळे हॉलीवूडच्या काळ्या यादीत गेला होता आणि काही वर्षे त्याला कामच मिळत नव्हते. त्याने पॅरिसमध्ये थोडक्या पैशात ‘रिफीफी’ (१९५५) केला. मोठे नट परवडत नसल्यामुळे तिजोरी फोडणाऱ्या इटालियन कारागिराची भूमिका त्याने टोपणनावाने स्वतःच केली. त्यातील सोनाराच्या दुकानावरचा दरोडा जवळजवळ अर्धा तास चालतो आणि त्या वेळात एक शब्द नाही की संगीताचा एक स्वर नाही. वरच्या मजल्याची जमीन फोडताना खालच्या खोलीत मलबा पडून आवाज होऊ नये म्हणून आधी छोटे भोक पाडून त्यातून एक मिटलेली छत्री सोडतात आणि खाली ती उघडतात. मग पडणारी माती आणि विटांचे तुकडे त्या छत्रीत साठत जातात. या एका छत्रीला जेवढा खर्च आला असेल तेवढ्यात त्या दृश्याचा सगळा ताण उभा राहिला आहे. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात त्या वर्षी दासँला दिग्दर्शनाच्या पारितोषिकात वाटा मिळाला.

मात्र ज्या चित्रपटात हे कथासूत्र पूर्ण वयात आले तो ‘बॉब ल फ्लांबर’ (१९५६) होय. फ्रेंच भाषेत ‘फ्लांबर’ म्हणजे मोठ्या रकमा लावणारा जुगारी. दिग्दर्शक झाँ-पिएर मेलव्हिल (१९१७–१९७३) यांचे मूळ आडनाव ग्रुम्बाख. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अमलाविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत असताना अमेरिकी कादंबरीकार हर्मन मेलव्हिलवरून त्यांनी हे नाव घेतले आणि पुढे तेच ठेवले. प्रस्थापित चित्रपटव्यवस्थेबाहेर राहून काम करता यावे म्हणून त्यांनी पॅरिसच्या तेराव्या विभागात झेनेर रस्त्यावर स्वतःचा छोटा स्टुडिओ उभारला होता. हा चित्रपट तिथे आणि मोंमार्त्र-पिगाल भागातील खऱ्या रस्त्यांवर, पैसे हाती येतील तसतसा तुकड्या-तुकड्यांनी चित्रित झाला. छायालेखक आँरी दकाए यांनी रस्त्यावरच्या उपलब्ध उजेडाचा उपयोग केला. पहाटेच्या फिक्या प्रकाशात पिगाल चौक धुणारी पाण्याची गाडी, विझत जाणारे निऑनचे फलक आणि घरी परतणारे रात्रीचे लोक हे सारे त्यात जसेच्या तसे दिसते. सुरुवातीचे निवेदन मेलव्हिल यांनी स्वतःच्याच आवाजात केले आहे.

बॉब मोंतान्ये हा पांढऱ्या केसांचा, नेटका पोशाख करणारा, शब्द पाळणारा माणूस आहे. वीस वर्षांपूर्वी त्याने एका बँकेवर दरोडा घातला होता, त्याची शिक्षाही भोगली होती. त्यानंतर त्याने चोरी केलेली नाही. तो फक्त जुगार खेळतो. घरातल्या कपाटाचे दार उघडले की आत नाणी टाकून खेळायचे जुगाराचे यंत्र बसवलेले दिसते, आणि येता-जाता त्यात एक नाणे टाकून नशीब आजमावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या एका कपाटावरून त्याच्या सुधारण्याचा खरा अर्थ कळतो. धंदा बदलला आहे, तहान तीच आहे. भूमिका करणारा रोजे दुशेन हा नटही १९३०च्या दशकात गाजून नंतर दहा वर्षांहून अधिक काळ पडद्यापासून दूर राहिलेला होता. त्याच्या चेहऱ्यावरील थकवा रंगभूषेने आणता आला नसता.

जुगारात हरून कफल्लक झालेल्या बॉबच्या कानावर येते, की फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील दोव्हील या गावच्या कॅसिनोच्या (जुगारगृहाच्या) तिजोरीत शर्यतींच्या मोसमातील एका ठरावीक पहाटे ८० कोटी फ्रँक असतात. (हे जुने फ्रँक होत; १९६० मध्ये फ्रान्सने शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक केला.) इथे त्याला कोणी धमकावत नाही, कोणाचे देणे डोक्यावर चढलेले नाही, आजारी नातेवाईक नाही. वय झाले, नशीब रुसले आणि पुन्हा एकदा जुन्या तोलाचे काहीतरी करावेसे वाटले, एवढेच. मोहाची सबब जितकी लहान तितका मोह खरा वाटतो, हे मेलव्हिल यांनी ओळखले होते. म्हणूनच नायकाला चोरीकडे ढकलण्यासाठी संकटांची रास रचणारे नंतरचे अनेक चित्रपट या चित्रपटापुढे भाबडे वाटतात.

तयारीचा भाग विस्ताराने येतो. मोकळ्या मैदानातल्या गवतावर कॅसिनोचा नकाशा पांढऱ्या रेषांनी खऱ्या आकारात आखलेला आहे, आणि भाड्याने जमवलेली माणसे त्या रेषांमधून चालत ‘हे दार’, ‘हा जिना’ असे समजून घेत आहेत, भिंत म्हणून जी रेघ आहे ती कोणी ओलांडत नाही, हे दृश्य या प्रकारच्या चित्रपटांचे जणू घोषचिन्ह आहे. तिजोरीचा जाणकार कानाला यंत्र लावून तशाच तिजोरीवर सराव करतो आणि लागणारा वेळ कमी-कमी करत नेतो. त्यानंतर निवेदक सांगतो की बॉबच्या कल्पनेत दरोडा असा पार पडणार होता, आणि रिकाम्या कॅसिनोत बंदुका घेऊन शिरणारी टोळी दिसते. संपूर्ण चित्रपटात दरोडा दिसतो तो एवढाच. मेलव्हिल यांनी ही कथा आधी गंभीर दरोडापट म्हणून योजली होती. ह्यूस्टन यांचा चित्रपट पाहिल्यावर त्या वाटेने जाण्यात अर्थ उरला नाही असे वाटून त्यांनी तिला हलक्याफुलक्या रीतिभातींच्या चित्राचे रूप दिले.

योजना फुटते ती बढाईमुळे. बॉबने मुलासारखा मानलेला पाओलो आपल्या मैत्रिणीपुढे ऐट मिरवायला सगळे सांगून बसतो, ती सहज बोलता-बोलता एका खबऱ्याला सांगते. दुसरीकडे आतली माहिती पुरवणाऱ्या नोकराची बायकोही तोंड बंद ठेवत नाही. पोलीस निरीक्षक लेद्र्यू याचा जीव बॉबने एकेकाळी वाचवलेला असतो. बॉबला पकडण्यापेक्षा त्याला अडवावे म्हणून हा अधिकारी रात्रभर त्याला शोधत गुत्त्यामागून गुत्ते पालथे घालतो. इकडे बॉब कॅसिनोत टेहळणीसाठी शिरतो, वेळ काढायला म्हणून एक डाव लावतो आणि जिंकतो. मग पुन्हा जिंकतो. जन्मभर हरलेला हा माणूस त्या एका रात्री जिंकतच सुटतो आणि दरोड्याची वेळ त्याच्या ध्यानातूनच जाते. बाहेर गोळीबार होतो, पाओलो मरतो. बॉबच्या हातात बेड्या पडतात आणि त्याच वेळी कॅसिनोचे नोकर त्याने रीतसर जिंकलेल्या नोटांची पुडकी आणून पोलिसांच्या गाडीच्या डिकीत रचू लागतात. गाडीत बसल्यावर चांगला वकील दिला तर शिक्षा किती कमी होईल, त्याहून चांगला दिला तर निर्दोष सुटता येईल का आणि वर नुकसानभरपाईही मागता येईल का, याची चेष्टा चालते. पैसा आहे, पोरगा नाही, अशा ठिकाणी ती चेष्टा येते, म्हणून ती ऐकताना हसू येते आणि अंगावरही येते.

लेद्र्यूच्या पात्राला महाराष्ट्राशी जोडलेल्या एका चित्रपटात लक्षणीय समांतर आढळते. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला असून त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची आहे. त्यातील सहा कैदी चोर नसून खुनी आहेत, आणि सूरही अगदी निराळा, उपदेशाकडे झुकणारा आहे. परंतु पळून जाण्याच्या मोहापासून त्यांना परतवते ती भिंत किंवा बंदूक नसून जेलरच्या डोळ्यांची आठवण असते. लेद्र्यूही बॉबसाठी असे दोन डोळे होऊ पाहतो. फरक इतकाच की त्याला पोहोचायला उशीर होतो. माणूस सुधारलेला आहे असे मानणारे दुसरे कोणीतरी असल्याशिवाय या कथासूत्रातील मोहाला वजन येत नाही, हे या दोन अगदी वेगळ्या चित्रपटांवरून सारखेच दिसते.

‘बॉब ल फ्लांबर’चा पुढच्या पिढीवरील प्रभाव आशयापेक्षा निर्मितीच्या रीतीतून अधिक पडला. रस्त्यावर, कमी माणसांत, स्टुडिओची मिजास न बाळगता चित्रपट करता येतो याचा तो पुरावा होता. दकाए यांनी त्यानंतर लवकरच तरुण फ्रेंच दिग्दर्शक शाब्रोल यांचा ‘ल बो सेर्ज’ आणि त्रुफो यांचा ‘द ४०० ब्लोज’ (१९५९) चित्रित केला. अमेरिकेतील चित्रपटगृहांत बॉब पोहोचायला मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. नील जॉर्डन यांनी २००२ मध्ये ‘द गुड थीफ’ या नावाने त्याची नवी आवृत्ती काढली. तिच्या हाताशी पैसा भरपूर होता आणि तिचा नायक जुगाराबरोबरच अमली पदार्थांच्याही आहारी गेलेला दाखवला आहे. त्याच पिढीतील दिग्दर्शक गोदार यांच्या ‘ब्रेथलेस’ (१९६०) या चित्रपटात मेलव्हिल यांनी एका लेखकाची छोटी भूमिका केली. त्याच चित्रपटात पैशांसाठी वणवण करणारा नायक धनादेश वटवायला बॉब मोंतान्येचे नाव काढतो, तेव्हा बॉब तुरुंगात आहे असे त्याला सांगितले जाते.